डाव्या कानाची गाडी

...वर म्हणजे किती वर? सांगाल तरी! 'अहो, टॉर्च वर धरा.' धरला. 'अहो, माझ्या नाकावर नको, नळीवर!' आता गाडीच्या पोटात नळी काय एकच असते? मी जन्मभर कारकुनी केली, मला एकच नळी ठाऊक, नळाची, आणि ती फुटली की प्लंबरला बोलवायचं, स्वतः खाली शिरायचं नाही, इतपत अक्कल मला आहे. पण तुम्हाला सांगतो, आमच्या घरात ह्या अकलेला कोणी विचारत नाही! आमची ही गाडीच्या खाली, मी गाडीच्या बाहेर, मला दिसतात ते फक्त तिचे दोन पाय, आणि त्या दोन पायांकडून मला हुकूम येतायत... 'हलू नका!' 'खोकू नका!' 'पाना द्या, तो नव्हे, त्याचा धाकटा!' पान्यांनाही आमच्याकडे नाती आहेत, मला मात्र नाव नाही. मी फक्त 'अहो'.

आणि हे सगळं कशासाठी? गाडीसाठी! बरं, चारचौघांसारखी गाडी असती, मुलंबाळं कोंबावीत, पाठीमागे बॅगा टाकाव्यात, तर मी एक अक्षर बोललो नसतो. ही गाडी शर्यतीच्या जातीची, स्पोर्ट्स कार, ती सुद्धा आमच्या लग्नाच्या आधीची! हे एवढं लांब नाक, तारांची चाकं, वर कापडी टप, आणि उंचीला इतकी बुटकी की शेजारचं मांजर तिला वळसा घालत नाही, बॉनेटवरून फिरायला गेल्यासारखं चालत पलीकडे उतरतं. आणि एवढ्या लांबलचक गाडीत जागा किती? दोन!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा भरकटला. भरकटणार आहेच मी, पण सांगून भरकटेन.

गाडी मुळात हिच्या दादाची. म्हणजे माझे मेहुणे. आमच्या पलीकडच्या गल्लीत तळमजल्यावर एकटे राहतात. छापखान्यात मशिनं चालवली, लग्न केलं नाही. का केलं नाही? शेजारच्या सीटवर हत्यारांची पेटी असायची, ती कुठे ठेवणार! तर सांगायचं म्हणजे ह्या माणसाने ही गाडी पोटच्या मुलीसारखी वागवली. दर रविवारी बॉनेट उघडं आणि मेहुणे कमरेपर्यंत आत. रस्त्यावरून कोणाचीही गाडी जाऊ दे, हे मान वर न करता सांगणार, 'डॉक्टरांची. क्लच गेलाय. सांगा त्यांना.' असा माणूस! आणि त्याला झाला काचबिंदू. डोळ्यांपुढचं जग कडेकडेने मिटत गेलं आणि एक दिवस मधलंही मिटलं.

तेव्हा त्यांनी हिला बोलावून सांगितलं, 'गाडी भंगारात दे. आणि दिलीस की मला सांगायला येऊ नकोस.' ही म्हणाली, 'बरं.' आता तुम्हाला सांगतो, हिचं 'बरं' मला चांगलं ओळखीचं आहे. 'बरं' म्हणजे नाही. संध्याकाळी टेम्पोच्या मागे दोर बांधून गाडी आमच्या दारात! मी म्हटलं, 'अगं, ही इथे कशाला?' म्हणाली, 'तुम्ही जरा बाजूला व्हा.' झालो. तेव्हापासून बाजूलाच आहे.

पण खरी गोष्ट पुढे. गाडी गेली म्हटल्यावर मेहुण्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. हात धरून चला म्हटलं तर नाही, डॉक्टर म्हणाले मोकळ्या हवेत फिरा तर नाही. दारापर्यंत यायचे, पायाला उंबरा लागला की मागे फिरायचे. ही रोज डबा घेऊन जायची. एकदा म्हणाली, 'अहो, तो खुर्चीच होत चाललाय. खुर्चीत बसलेला नव्हे, खुर्चीच.' मग डबा घासता घासता म्हणाली, 'त्याला ती गाडी ऐकवली ना, की तो उंबरा ओलांडेल.' बस, एवढंच. ह्या एका वाक्यावर आमचं घर गॅरेज झालं!

आधी एक मेकॅनिक आणला. तो गाडीभोवती एक फेरी मारून खाली वाकला, दाराखालच्या पत्र्यावर अंगठा दाबला, तर अंगठा थेट आत! बाहेर काढून पुसला आणि म्हणाला, 'काकू, ह्यात गाडी कमी, गंज जास्त. गंज काढलात तर उरणार काय?' ही म्हणाली, 'उरेल ते मी बघेन.' तो माझ्याकडे बघायला लागला. मी आभाळाकडे बघायला लागलो.

आता तुम्ही म्हणाल, हिला ह्यातलं काय कळतं? हे मलाही वाटलं होतं, पण मी ते मोठ्याने बोललो नाही, त्यामुळे वाचलो. ही दाताच्या दवाखान्यात कवळ्या करायची. मेणात साचा, प्लॅस्टरमध्ये ठसा, घासून, तासून, पॉलिश करून एकेक दात असा बसवायची की माणसाने सुपारी फोडावी! माझे वरचे दात तिच्याच हातचे आहेत. म्हणजे बघा, हिची तक्रार करायची तरी हिच्याच दातांनी करावी लागते!

तर तिने गंजाकडे बघितलं आणि म्हणाली, 'ही कीड आहे.' संपलं! कीड म्हटल्यावर ती तिच्या इलाख्यात आली. 'वरून भरून घेतलं की आतून पोखरते. आधी सगळी काढायची, चांगला भाग लागेपर्यंत.' मग बारीक यंत्र घेऊन घुर्र घुर्र... तुम्हाला सांगतो, तो आवाज ऐकला की मी नकळत तोंड उघडायचो! गाडीचा तळ एवढा पोखरला होता की आत बसून खालचा रस्ता दिसायचा. तिने पुठ्ठ्याचे साचे कापले, त्यावरून पत्रा कापला, तोच मेकॅनिक सांधायला आला. तो म्हणाला, 'काकू, एवढा जुळवून नको, मी ठोकून बसवीन.' ही म्हणाली, 'ठोकून बसवलेलं दुखतं.' कुणाला दुखतं? गाडीला! त्याने पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा आभाळाकडे.

इंजिनाच्या मागे हात पोचेना, डोळा पोचेना, तर हिने तोंडात घालून बघायचा तो छोटा आरसा आणला, आणि मागचे नट असे बघायला लागली जसे काही अक्कलदाढा आहेत. 'आ करा' एवढं म्हणायचं बाकी होतं! दार नीट लागत नव्हतं. आता दार लागत नसेल तर माणूस काय करतो? आपटतो. हिने काय केलं? कवळी चावून बघायला देतात तो निळा कागद असतो ना, जिथे टेकतं तिथे डाग पडतो, तो कागद दाराच्या फटीत धरला, दार लावलं, डाग बघितले, तेवढंच तासलं. पुन्हा कागद. पुन्हा तासणं. असं करत करत शेवटी ते दार अशा अलगद आवाजात लागायला लागलं की... टक्. बस. मी उगाच येता-जाता चार वेळा उघडून लावायचो. हिने बघितलं की म्हणायचो, 'धूळ पुसतोय.'

आणि घराची अवस्था? बंपर न्हाणीघरात, चाकं पलंगाखाली, आणि गाडीच्या सीट नवं कातडं शिवून कुठे, तर बैठकीच्या खोलीत! सोफा गेला गच्चीवर. पाहुणे आले की त्या सीटवर बसायचे. जमिनीपासून वीतभर उंच, पाय समोर लांब पसरलेले, हातात चहा, आणि उठायची वेळ आली की मी एका बाजूने आणि ही दुसऱ्या बाजूने ओढायची. आणि सीट तरी किती? दोन! तिसरा पाहुणा उभा. हळूहळू पाहुणे यायचे बंद झाले, ह्याबद्दल मात्र मी त्या गाडीचा आयुष्यभर ऋणी आहे.

नट, वायसर, स्क्रू, सगळं कवळीच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत! प्रत्येक डबीवर चिठ्ठी. 'मागचं डावं.' 'पुढचं वरचं.' सकाळी उठून अर्धवट झोपेत मी माझी डबी समजून 'पुढचं वरचं' उघडलं आणि तोंडात घातलं... जाऊ दे. ग्रीसची चव सकाळी बरी लागत नाही.

पण काय सांगू तुम्हाला, रंग काढायला घेतला ना तिने, तेव्हा मी सुद्धा स्टूल टाकून बसलो. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासतेय, वरचा लाल गेला, खाली पिवळट निघाला, तोही गेला, आणि सगळ्यात खाली हिरवा! असा हिरवा की शेवाळलेल्या दगडावर ऊन पडलंय. ही हात थांबवून म्हणाली, 'दादाने आणली तेव्हा ही अशी होती.' आणि मग तोच हिरवा शोधायला दुकानदाराच्या डोक्यावर बसली. तो डबे उघडतोय, ही म्हणतेय 'ह्यात निळा जास्त आहे.' तो म्हणतोय, 'बाई, हिरवा म्हणजे हिरवा.' ही म्हणतेय, 'दात म्हणजे पांढरा असं म्हणण्यासारखं आहे हे!' त्याने आणखी एक डबा उघडला. मी माझे दात झाकून उभा.

शेवटी राहिलं इंजिन. ह्या गाडीला कार्ब्युरेटर दोन. म्हणजे हवा आणि पेट्रोल कालवून इंजिनाला भरवणारे दोन हात समजा. दोघांनी सारखं भरवायला हवं, नाहीतर इंजिन लंगडतं. ते जुळवायचं कसं? तर कानाने! एक रबरी नळी घ्यायची, एक टोक कानात, दुसरं टोक आधी पुढच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, मग मागच्या. दोघांचा सुस्कारा सारखा ऐकू आला की जुळलं. मेहुणे असंच करायचे. त्यांच्या पेटीत त्यांची नळी निघाली, पण ती होती आखूड आणि चिरलेली. हिने ती डबीत टाकली, 'जुनं' म्हणून चिठ्ठी लावली, आणि नवी लांबलचक नळी आणली. एका जागी बसून, डोळे मिटून, एकाच कानाला नळी लावून आधी पुढचा, मग मागचा, पुन्हा पुढचा... मला श्वास घ्यायची बंदी. स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा ऐकायचं. आणि मग ती उठली, म्हणाली, 'अहो, पाणी आणा.' मला वाटलं तहान लागली. तिने भरलेला पेला चालू इंजिनावर ठेवला. तुम्हाला सांगतो, पाणी हललं नाही! इंजिन चालू आहे आणि पेल्यात तरंग नाही! माझे डोळे भरून आले... पेट्रोलचा वास असतो ना, तो झोंबतो.

दुसऱ्या दिवशी ही डोक्याला रुमाल बांधून चालवायला बसली. मी दार उघडलं, टक्, आणि बसायला वाकणार, तोच म्हणाली, 'अहो, तिथे दादा बसणार.' अगं, पण तिथपर्यंत तरी? 'नको. त्या सीटवर पहिला तो.' घ्या! टॉर्च मी धरला, श्वास मी कोंडला, नट मी चावले! आणि जागा किती? दोन! गेलो चालत, हातात मेहुण्यांचा डबा.

मी गल्लीत पोचलो तेव्हा गाडी खिडकीखाली उभी, इंजिन चालू, ते सुद्धा असं की गादीवरचं मांजर घुरघुरावं. हिचा चेहरा... शाळेत पहिलं आल्यावर पोरी घरी येतात ना, तसा. खिडकी उघडली. मेहुण्यांनी मान कलती केली, ऐकलं. म्हणाले, 'वा. काय गुळगुळीत चाललीय! कोण आहे? पत्ता चुकलात का?'

ही म्हणाली, 'दादा, मी. तुझी गाडी!'

'माझी गाडी भंगारात गेली.'

'नाही रे, दिलीच नाही मी. ही तीच!'

ते मग अगदी शांतपणे म्हणाले, 'हे बघ, डोळे गेलेत माझे. कान आहेत. माझी गाडी अशी नव्हती. ती आधी खोकायची, मग लंगडायची, मग चालायची. तू माझी समजूत घालायला दुसरी आणलीस. चांगली आहे, सांभाळून चालव. पण मला असली खेळणी नकोत.' आणि खिडकी लावून घेतली.

आता बोला!

ही भांडली नाही हो. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. घरी आली, गाडी जागेवर लावली, वर ताडपत्री टाकली, चारी टोकांना दगड ठेवले. डबा घेऊन जायची, परत यायची. टॉर्च खुंटीला. मला वाटलं होतं, सुटलो! पण तुम्हाला सांगतो, ज्या घरात 'अहो, वर धरा' ऐकू येत नाही ना, त्या घरात पेपर सुद्धा वाचवत नाही. मी एकदा म्हटलं सुद्धा, 'दार उघडून लावू का? धूळ बसली असेल.' म्हणाली, 'नको.'

अशातच एका दुपारी मी पेपर धरून बसलोय, तर ही समोर येऊन उभी, कमरेवर हात. 'किती हाका मारायच्या? लक्ष कुठे असतं?'

मी म्हटलं, 'अगं, तू डावीकडून मारल्यास. डावीकडचं मला ऐकू येत नाही.'

'ऐकू येत नाही की ऐकायचं नसतं?'

'नाही गं! हजार वेळा सांगितलंय. ऑफिसात उजव्या हाताने लिहायचं, म्हणून फोन नेहमी डाव्या कानाला. साहेब असे ओरडायचे की नोकरी संपेपर्यंत कानही संपला.'

ही पुढे काही बोलायला गेली आणि मध्येच थांबली. तोंड तसंच उघडं. मी घाबरलो. म्हटलं, दाढ दुखतेय का?

'दादाचाही डावाच,' ती म्हणाली. 'लहानपणी गालगुंडं झाली होती, तेव्हा गेला. आखूड नळी... अहो! आखूड नळी!'

आणि पळाली! ताडपत्री उडाली, दगड चार दिशांना, 'जुनं' लिहिलेली डबी उघडली, नळी काढली, बॉनेट वर, आणि मला म्हणतेय, 'बघा, मधे ही बॉनेटची टेकूची काठी. नळी आखूड, म्हणून काठीच्या अलीकडून वाकून पुढचा ऐकायचा. कुठला कान खाली येतो? उजवा. मागच्याला पलीकडून वाकायचं. आता कुठला?' मी वाकून बघितलं. डावा! म्हणजे ह्या माणसाने जन्मभर पुढचा कार्ब्युरेटर चांगल्या कानाने लावला आणि मागचा बहिऱ्या कानाने! मागचा ऐकू येईना म्हणून उघडत गेला, उघडत गेला... आणि गाडी जन्मभर लंगडली. अख्खं गाव जिच्या खोकल्यावर हसायचं, तो खोकला गाडीचा नव्हता हो, मेहुण्यांच्या गालगुंडांचा होता!

'मग आता?' मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघायला लागली. कधी बघितलं नव्हतं तशी. लग्नात सुद्धा नाही. म्हणाली, 'तुमचा डावा कान इकडे आणा.'

तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत माझ्या कुठल्या अवयवाला एवढा मान मिळाला नव्हता! काठी टाळक्यात बसली, तरी वाकलो. उजव्या कानाने पुढचा ऐकला, सुस्कारा कसा तो मनात धरला, पलीकडे गेलो, डावा कान लावला. 'येतंय का?' नाही. तिने स्क्रू फिरवला. 'आता?' नाही. पुन्हा फिरवला. मी बघतोय, दर वेळी ती आधी हात पुसतेय, मग फिरवतेय. केसभर फिरवून फिरवून जिने पेल्यातलं पाणी थांबवलं, तिलाच ते बिघडवायचं होतं. कवळी चोख बसवून मुद्दाम हलती करायची! मी म्हटलं, 'राहू दे का?' म्हणाली, 'गाडी मला हवी होती म्हणून केली का मी?' आणि स्क्रू आणखी फिरवला, आणि माझ्या कानात, कुठून तरी फार लांबून, साहेबांनी फोन खाली ठेवल्यावर येतो तेवढा आवाज आला... 'आलं!'

इंजिन खोकलं. मग थांबून जरा विचार केला. मग डुग-डुग... डुग, डुग-डुग... डुग. लंगडत! आमची ही बॉनेटला टेकून हसतेय आणि डोळे पुसतेय. म्हणाली, 'पेट्रोलचा वास झोंबतो.'

पुन्हा स्वारी निघाली. मी? चालत! जागा किती ते तुम्हीच सांगा आता.

मी कोपऱ्यावर होतो तेव्हा खिडकी आपटून उघडलेली दिसली. मग खिडकी रिकामी. मग दार. तुम्हाला सांगतो, हा माणूस उलट्यासुलट्या चपला घालून, काठी घरात विसरून, उंबरा आहे की नाही ह्याची दखलही न घेता बाहेर आला! सरळ आवाजावर! बॉनेटवर हात ठेवला. हात फिरवत फिरवत काचेपर्यंत, काचेवरून दारापर्यंत. मग म्हणाले, 'कुठे होतीस गं इतके दिवस?' गाडीला म्हणाले की बहिणीला, मी विचारलं नाही. दार उघडलं, आत बसले, ओढून लावलं. टक्. 'हे दार माझं नव्हे. माझं दोनदा आपटावं लागायचं.' ही म्हणाली, 'दादा, ते आता असंच राहणार. सगळंच बिघडवणार नाही मी.' म्हणाले, 'बरं.' तेच खानदानी 'बरं'!

मग म्हणतात, 'मागचा कार्ब्युरेटर कोणी लावला? अगदी माझ्यासारखा!'

'ह्यांनी.'

'भाऊजींनी? वा! कान तयार आहे हं तुमचा!'

आहे. आहेच तयार! आणि मला क्षणभर, खोटं कशाला सांगू, असं वाटलं की आता तरी कोणीतरी म्हणेल, 'भाऊजी, या, जरा सरकून बसतो.' तेवढ्यात ही भुर्र निघाली. टप उघडा, दोघांचे पांढरे केस वाऱ्यावर, मेहुणे हाताने वळणं दाखवतायत, डोळे मिटून! मी डबा घेऊन उभा. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली. डुग-डुग... डुग... फट्! बंद.

आणि तिकडून मेहुण्यांचं हसणं! खळखळून, गल्लीभर! 'इथेच! ह्याच वळणावर बंद पडायची! तीच आहे गं, तीच!' मग मान मागे वळवून हाक, 'भाऊजी! आहात ना मागे?'

आता असणारच ना! डबा ठेवला कट्ट्यावर, बाह्या सारल्या, आणि लावले हात धक्का मारायला. हल्ली रोजचंच झालंय. आत जागा दोन, मला कबूल आहे, माझी तक्रार नाही. मागे मात्र, तुम्हाला सांगतो... ऐसपैस!